गिअर 'पी'मधून निघत नाही? लिव्हरला जोर लावण्याआधी हा क्रम पाळा

ऑटोमॅटिक गाडी सुरू होते, ब्रेकवर पाय आहे, बटण दाबलेलं आहे, आणि तरी लिव्हर 'पी'मधून (पार्किंग) हलत नाही. अशा वेळी तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. एक, लिव्हर ताकदीने ओढणं. त्यात आतली प्लॅस्टिकची कडी किंवा बटणाखालची दांडी तुटते आणि किरकोळ काम मोठं होऊन बसतं. दुसरी चूक जास्त धोक्याची. लिव्हरशेजारच्या सुटकेच्या खाचेतून लॉक सोडवायचं आणि मागचे दिवे न बघताच रस्त्याला लागायचं. तिसरी म्हणजे निदान न करता थेट सॉलेनॉइड (विजेने खिळा ओढून लिव्हरची वाट मोकळी करणारा छोटा भाग) विकत घेणं. खरा दोष बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी अलीकडे, ब्रेक पेडलच्या वर बसवलेल्या छोट्या स्विचमध्ये असतो.

हा लेख कन्सोलवर किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर लिव्हर असलेल्या गाड्यांसाठी आहे. गोल खटका किंवा नुसती बटणं असलेल्या गाड्यांबद्दल शेवटाकडे थोडं सांगितलं आहे.

नेमकं काय अडतं, एवढं आधी समजून घ्या

'पी'मध्ये दोन वेगळ्या गोष्टी गाडीला धरून असतात आणि निदान करताना त्यांची गल्लत होते.

पहिली गिअरबॉक्सच्या आत आहे: लोखंडी खिटी. ती दातेरी चक्राच्या खाचेत बसते आणि चाकं फिरू देत नाही. दुसरी गोष्ट लिव्हरच्या बुडाशी असते, तिला शिफ्ट लॉक म्हणतात. तिथलं छोटं सॉलेनॉइड लिव्हरची वाट अडवून ठेवतं. चावी 'ऑन'वर आहे आणि ब्रेक दाबलेला आहे, असे दोन्ही संकेत मिळाले की सॉलेनॉइड 'टक्' आवाज करून वाट मोकळी करतं.

ब्रेक दाबल्याचा संकेत बॅटरीकडून फ्यूजमधून ब्रेक स्विचकडे येतो. तिथून एक वाट मागच्या ब्रेक लाइटकडे जाते आणि दुसरी, थेट किंवा कंट्रोल युनिटमार्गे, शिफ्ट लॉककडे. म्हणून ब्रेक लाइट हा या दोषाचा सर्वांत सोपा साक्षीदार आहे. पुढचा सगळा क्रम त्यावर उभा आहे.

तयारी

गाडी शक्यतो सपाट जागी असावी. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि एका चाकाला पुढून व मागून ठोकळे लावा. काम करताना लिव्हर अचानक 'एन'मध्ये (न्यूट्रल) जाऊ शकतो, तेव्हा गाडीला धरून ठेवायला एवढंच उरतं.

हाताशी टॉर्च, टोकाला कापड गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, फ्यूज काढायचा चिमटा, गाडीत आहेत त्याच अँपिअरचे दोन-तीन फ्यूज आणि गाडीची माहितीपुस्तिका ठेवा. फ्यूजची जागा आणि सुटकेची खाच प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. पुस्तिका नसेल तर अंदाजाने झाकणं उचकटत बसू नका, आधी ती मिळवा.

टप्पा १: सीटवर बसल्याबसल्या

अवजाराला हात लावण्याआधी पाच गोष्टी बघा.

चावी खरोखर 'ऑन'वर आहे का? ती 'अ‍ॅक्सेसरी'वर असली तर रेडिओ लागतो, पण बऱ्याच गाड्यांत लॉक सुटत नाही. डॅशबोर्डचे इशारादिवे लागले पाहिजेत.

पेडल पूर्ण खाली जातं का? खालची मॅट पुढे सरकून पेडलखाली गेलेली असते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

पेडल दगडासारखं घट्ट लागतं का? इंजिन बंद असताना तीन-चार वेळा ब्रेक दाबला की बूस्टरमधला (पायाच्या दाबाला जोड देणारा भाग) व्हॅक्यूम संपतो. मग पेडल इतकं कमी दबतं की स्विचला काही कळतच नाही. पाय घट्ट रोवून दाबा. किल्ली फिरवून सुरू होणारी गाडी असेल तर 'पी'मध्येच इंजिन सुरू करा, पेडल आपोआप खाली जाईल.

चावी फिरतच नसेल तर तो स्टिअरिंग लॉक आहे. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं हलवत चावी फिरवा.

लिव्हरचं बटण दाबल्यावर नेहमीसारखं परत उसळतं का? बटण सैल, लोंबकळल्यासारखं वाटलं तर आतली दांडी किंवा स्प्रिंग तुटली आहे. तसं असेल तर विजेचं काही तपासू नका, सरळ टप्पा ७ वर जा.

टप्पा २: उतारावर उभी आहे का?

उतारावर हँडब्रेक न ओढता लिव्हर 'पी'त टाकला की गाडीचं सगळं वजन त्या खिटीवर येतं. खिटी दातांत आवळली जाते. खूण अशी: ब्रेक दाबल्यावर 'टक्' ऐकू येतं, बटण दबतं, पण लिव्हर जड लागतो, आणि निघालाच तर 'धाड' आवाजाने निघतो. हा विजेचा दोष नव्हे, भाग बदलून तो जाणार नाही.

ब्रेक घट्ट दाबून लिव्हर एकदा ठामपणे, सरळ रेषेत ओढा. एकदाच. झटके देऊ नका. निघाला नाही तर खिटीवरचा भार हलका करावा लागेल, म्हणजे गाडी चढाच्या दिशेने दोन-चार सेंटिमीटर सरकवावी लागेल. चढाकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीने दोर लावून हळू ताण द्यायचा. या वेळेपुरता तुमचा हँडब्रेक सैल करा आणि चढाच्या बाजूचा ठोकळा काढा. उताराकडचा ठोकळा तसाच राहू द्या. गाडी किंचित सरकताच ब्रेक दाबून लिव्हर काढा.

⚠ इशारा: उताराच्या बाजूला उभं राहून गाडी ढकलायला कोणालाही सांगू नका. खिटी सुटते त्या क्षणी गाडी त्याच्याच अंगावर येते. ताणलेल्या दोराजवळही कोणी उभं राहू नये.

पुन्हा असं होऊ नये म्हणून उभं करण्याचा क्रम बदला. पायाच्या ब्रेकवर गाडी थांबवा, लिव्हर 'एन'मध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या. मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी'. बहुतेक जण 'पी' आधी आणि हँडब्रेक नंतर करतात, तोपर्यंत वजन खिटीवर बसलेलं असतं.

टप्पा ३: मागचे दिवे बघा

हा टप्पा वगळू नका. चावी 'ऑन'वर ठेवून ब्रेक दाबा आणि दुसऱ्या कोणाला मागून बघायला सांगा. एकटे असाल तर अंधारात भिंतीवर पडणारा लाल उजेड पुरतो, नाहीतर मागे फोन ठेवून व्हिडिओ घ्या. मागे पार्किंगचे दिवे लागलेले असतील तर ते आधी बंद करा. त्यांच्या लाल उजेडाला ब्रेक लाइट समजण्याची चूक सर्रास होते. काचेजवळचा वरचा तिसरा दिवाही बघा.

एकही दिवा लागत नाही: दोष फ्यूजमध्ये किंवा ब्रेक स्विचमध्ये आहे. टप्पा ५ आणि ६.

सगळे लागतात: फ्यूज आणि स्विच बहुधा ठीक आहेत. टप्पा ४. 'बहुधा' अशासाठी की काही स्विचमध्ये दोन वेगळे संपर्क असतात, एक दिव्यांचा आणि एक कंट्रोल युनिटचा. दिव्यांचा चालू असताना दुसरा मेलेला असू शकतो.

पाय काढल्यावरही दिवे विझत नाहीत: पेडलवरचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा टेकू गळून पडला आहे, किंवा स्विच चुकीचा बसला आहे. टप्पा ६. रात्रभर असंच राहिलं तर सकाळी बॅटरी उतरलेली असेल, आणि लिव्हर तेव्हा त्या कारणाने अडकेल.

एकच दिवा गेला आहे: तो बल्बचा प्रश्न, लिव्हरशी सहसा संबंध नाही. तरी बदला.

टप्पा ४: 'टक्' ऐका, मग व्होल्टेज मोजा

पंखा आणि रेडिओ बंद करा, काचा वर घ्या. इंजिन बंद, चावी 'ऑन'. कान लिव्हरच्या बुडाजवळ नेऊन ब्रेक हळूहळू दाबा आणि सोडा. आवाज लिव्हरपाशीच आला पाहिजे. पेडलपाशी येणारी 'टिक्' ही स्विचची असते, ती यात धरू नका.

'टक्' येत असेल तर सॉलेनॉइड काम करतंय आणि अडचण यांत्रिक आहे. येत नसेल तर वीज पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही सॉलेनॉइड ओढलं जात नाही. आवाज क्षीण, अर्धवट येत असेल तर आधी बॅटरीकडे बघा.

काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ च्या आसपास ती जवळजवळ अर्धी उतरलेली असते आणि ११.८ च्या खाली रिकामीच समजा. इंजिन चालू असताना साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. उतरलेल्या बॅटरीवर डॅशबोर्डचे दिवे लागतात, त्यामुळे 'वीज तर आहे' असं वाटतं, पण सॉलेनॉइड ओढायला ती पुरत नाही. बॅटरी चार्ज करा, ही चाचणी पुन्हा घ्या, मगच पुढे जा.

गाडी आत्ताच हलवायची असेल तर

बहुतेक लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं, काहींवर 'शिफ्ट लॉक' असं लिहिलेलं असतं. काही गाड्यांत ही खाच लिव्हरच्या चामडी आवरणाखाली किंवा कप ठेवायच्या खळग्यातल्या मॅटखाली असते. स्टिअरिंगवर लिव्हर असेल तर ती दांड्याच्या प्लॅस्टिक कव्हरवर शोधावी.

१. हँडब्रेक ओढलेला आहे आणि ठोकळे जागेवर आहेत, हे पुन्हा तपासा.
२. इंजिन बंद ठेवा. चावी पुस्तिकेत सांगितलेल्या जागी फिरवा.
३. कापड गुंडाळलेल्या स्क्रूड्रायव्हरने झाकण अलगद उचला.
४. ब्रेक दाबून धरा.
५. खाचेतलं बटण सरळ खाली दाबा. ते स्प्रिंगसारखं दबलं पाहिजे. कडक लागलं तर तुम्ही चुकीच्या जागी दाबताय, थांबा.
६. ते दाबलेलं असतानाच लिव्हरचं बटण दाबून लिव्हर 'एन'मध्ये आणा.
७. ब्रेकवरचा पाय न काढता 'एन'मध्येच इंजिन सुरू करा.

⚠ इशारा: ब्रेक लाइट लागत नसतील तर या मार्गाने गाडी फक्त बाजूला घ्या. ती रस्त्यावर चालवू नका. तुम्ही ब्रेक मारलाय हे मागच्या वाहनाला कळणारच नाही. 'रोज एकदा स्क्रूड्रायव्हर घातला की चालतं' म्हणत महिनोन्महिने गाडी वापरणारे नेमके इथे फसतात.

टप्पा ५: फ्यूज

बहुतेक गाड्यांत फ्यूजच्या दोन पेट्या असतात, एक डॅशबोर्डखाली आणि एक बॉनेटखाली. पेटीच्या झाकणावरच्या आकृतीत 'स्टॉप' किंवा ब्रेक लाइटचा फ्यूज शोधा. तो सहसा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. शिफ्ट लॉकचा फ्यूज वेगळा असला तर तोही बघा.

नुसतं डोळ्यांनी बघून फ्यूज चांगला ठरवू नका. केसाएवढी चीर दिसत नाही. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या उघड्या लोखंडाला आणि लाल पिन फ्यूजच्या पाठीवर दिसणाऱ्या दोन ठिपक्यांना एकामागून एक लावा. दोन्हीकडे बॅटरीएवढं व्होल्टेज हवं. एकीकडे आहे आणि दुसरीकडे शून्य, म्हणजे फ्यूज गेला. ब्रेक लाइटच्या फ्यूजला बऱ्याच गाड्यांत चावी बंद असतानाही वीज असते, शिफ्ट लॉकच्या फ्यूजसाठी मात्र चावी 'ऑन' ठेवा.

नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा लावा. १० च्या जागी २० लावला तर फ्यूजऐवजी वायर जळते.

नवा फ्यूज ब्रेक दाबताच उडाला तर पुढे वायर कुठेतरी चिकटली आहे. आधी बघायच्या जागा: बल्बचा वितळलेला होल्डर, डिकीच्या बिजागरीपाशी रोज दुमडून चिरलेली वायर, आणि नंतर जोडून घेतलेले जादा दिवे किंवा ट्रेलरचं कनेक्शन. एकामागून एक फ्यूज जाळत बसू नका. दुसरा उडाला की वायर शोधायला लागा.

टप्पा ६: ब्रेक स्विच

पायांच्या जागेत खाली वाकून टॉर्च मारा. पेडलची दांडी वर जिथे टेकते तिथे दोन किंवा चार वायरींचा स्विच दिसेल. त्यातून एक छोटा खिळा बाहेर येतो, त्याला प्लंजर म्हणतात. पेडल वर असताना दांडी प्लंजरला आत दाबून ठेवते आणि दिवे बंद राहतात. पेडल खाली गेलं की प्लंजर बाहेर उसळतो आणि दिवे लागतात.

आधी मॅटवर नजर टाका. ठिसूळ झालेल्या प्लॅस्टिकचे किंवा रबराचे तुकडे सापडले तर तो टेकू आहे. तो दांडीच्या भोकात बसलेला असतो. गळला की प्लंजर त्या भोकातून आरपार जातो आणि दिवे कायमचे लागतात. नवा टेकू अगदी स्वस्त असतो आणि हाताने बसतो. त्या जागी बोल्ट किंवा चिकटपट्टी लावून दिवस ढकलू नका. ते ऐन वेळी निसटतं.

टेकू जागेवर असेल तर पेडल दाबून धरून प्लंजर बोटाने आत-बाहेर करून बघा. अडखळत असेल तर स्विच बदला.

मग मोजणी. दोन वायरींच्या साध्या स्विचमध्ये कनेक्टर लावलेला असतानाच मागच्या बाजूने पिन टेकवा. एका वायरीवर कायम १२ व्होल्टच्या आसपास दिसतील. दुसरीवर पेडल वर असताना शून्य आणि दाबल्यावर तेवढंच व्होल्टेज हवं. पहिल्या वायरीवरच काही नसेल तर फ्यूजकडे परत जा. पहिलीवर आहे, दुसरीवर दाबूनही येत नाही, म्हणजे स्विच गेला. दाबल्यावर ९-१० व्होल्टच येत असतील तर आतले संपर्क जळले आहेत. असा स्विच कधी चालतो, कधी नाही, आणि लोकांना सर्वांत जास्त चकवा तोच देतो. चार वायरींच्या स्विचमध्ये दुसरी जोडी उलट वागते, म्हणजे पेडल दाबल्यावर तुटते. ते बिघाड समजू नका.

बसवताना सर्वाधिक चुका होतात. आट्यांचा स्विच असेल तर जुना काढण्याआधी तो किती आत होता यावर खूण करा. नवा तेवढाच फिरवा, मग पेडल पूर्ण वर असताना दिवे विझतात आणि पेडल थोडंसं दाबताच लागतात, असं जुळवा. दांडी आणि स्विचचं अंग यांमधली फट फार थोडी, साधारण एक-दोन मिलिमीटर असते, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्या. स्विच जास्त आत गेला तर तो पेडललाच ढकलून धरतो, आणि मग ब्रेक किंचित लागलेलेच राहून चाकं तापतात. बाहेर राहिला तर दिवे विझत नाहीत.

खटक्याचा, आपोआप जुळणारा स्विच असेल तर सोबतची सूचना आधी वाचा. काही बसवताना पेडल दाबून धरायचं असतं, काही बसवताना ते वर ठेवायचं असतं. अनेक स्विच फक्त एकदाच जुळतात. चुकीच्या क्रमाने बसवला तर नवा कोरा स्विच वाया जातो.

✔ तपासणी: दिवे लागतात, विझतात, आणि पाय काढल्यावर पेडल पूर्ण वर येतं. आता लिव्हर हलवून बघा. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

टप्पा ७: कन्सोल उघडल्यावर

सैल बटणामुळे टप्पा १ वरून थेट आला नसाल, तर इथे येताना दिवे नीट लागत असले पाहिजेत आणि बॅटरी भरलेली असली पाहिजे. नसेल तर मागे जा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि काही मिनिटं थांबा. कित्येक गाड्यांत कन्सोलखाली एअरबॅगचं युनिट असतं. तिथल्या पिवळ्या आवरणाच्या कनेक्टरला हात लावू नका. आधी सगळे स्क्रू शोधा, मगच खटके सोडवा. एक स्क्रू राहिला की कन्सोल तडकतो.

सर्वांत आधी चिकटपणा बघा. सांडलेलं गोड पेय लिव्हरच्या खाचेतून आत झिरपतं आणि सॉलेनॉइडचा खिळा डिंकात बुडवल्यासारखा होतो. 'टक्' क्षीण येत होती पण बॅटरी चांगली होती, तर कारण बहुधा हेच. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, विजेच्या भागांवर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा आणि पूर्ण वाळू द्या. तेल किंवा ग्रीस फवारू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ बसून पुन्हा अडकतं.

नंतर बटण दाबून आतली दांडी खरोखर खाली सरकते का ते बघा. ती तुटली असेल तर सॉलेनॉइड कितीही चांगलं असो, लिव्हर निघणार नाही.

शेवटी सॉलेनॉइड. सगळे कनेक्टर जागेवर आहेत ना ते बघून बॅटरी परत जोडा. एअरबॅगचा कनेक्टर सुटा असताना चावी 'ऑन' केली तर इशारादिवा लागून राहतो. ब्रेक दाबून सॉलेनॉइडच्या दोन वायरींमध्ये मीटर लावा. १२ व्होल्टच्या आसपास येतात पण खिळा हलत नाही, तर सॉलेनॉइड बदला. काहीच येत नसेल तर वायर, कंट्रोल युनिट किंवा लिव्हर 'पी'त असल्याचं सांगणारा छोटा स्विच तपासावा लागेल. हा स्विच बिघडला की बऱ्याचदा चावीही बाहेर निघत नाही. दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर आधी त्याच्याकडे बघा.

हा दोष वेगळा आहे, गल्लत करू नका

लिव्हर सहज हलतो, पण गाडी 'पी'मध्येच राहते किंवा दाखवलेला गिअर आणि पडलेला गिअर जुळत नाही: ही शिफ्ट केबलची किंवा तिच्या टोकाच्या प्लॅस्टिक बुशची तक्रार आहे. अशा गाडीत लिव्हर 'पी'वर दिसला तरी खिटी बसलीच असेल असं नाही. हँडब्रेक आणि ठोकळ्यांशिवाय ती सोडून जाऊ नका.

बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेक स्विच मेला तर लिव्हर अडकण्याआधी इंजिनच सुरू होत नाही. लोक स्टार्टरच्या मागे लागतात. टप्पा ३ ची दिव्यांची चाचणी इथेही आधी घ्या.

गोल खटका किंवा बटणांनी गिअर पडणाऱ्या गाड्यांत खिटी मोटरने हलते. त्यांत बॅटरी आणि ब्रेक लाइट तपासण्यापुरतं घरी करा. हाताने सोडवायची सोय असली तर ती पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच वापरा. बाकीचं काम स्कॅनर असलेल्या मेकॅनिकचं.

दुरुस्तीनंतर, ठोकळे काढण्याआधी

चावी 'ऑन', पाय ब्रेकवर नाही: लिव्हर 'पी'मधून निघता कामा नये. निघाला तर तुम्ही लॉक दुरुस्त केलेलं नाही, निकामी केलंय, आणि गाडीत एकटं बसलेलं मूलही तो लिव्हर ओढू शकतं.

ब्रेक दाबून: लिव्हर दहा वेळा 'पी'मधून काढा आणि परत टाका. एकदाही अडखळू नये.

चावी बंद करून काढा आणि दहा मिनिटांनी मागे जाऊन ब्रेक लाइट विझलेले आहेत का ते बघा.

क्रूझ कंट्रोल असेल तर मोकळ्या रस्त्यावर तो लावून पेडलला हलका पाय लावा, तो ताबडतोब सुटला पाहिजे. शेवटी थोडं अंतर चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापलेलं असेल किंवा चारही नेहमीपेक्षा गरम लागली, तर स्विच पेडलला ढकलतो आहे का ते टप्पा ६ प्रमाणे पुन्हा बघा.